पत्र्याची ओगराळी

अब्बा, तुम्हाला मराठी वाचता येत नव्हतं आणि मला उर्दू धड लिहिता येत नाही. तरी लिहायला बसले आहे. तुम्हाला जाऊन वीस वर्षं होत आली. एवढ्या वर्षांत तुमच्याशी बोलावंसं वाटलं, ते बहुतेक वेळा काहीतरी बिनसलं होतं म्हणून. आज तसं नाही. आज मी खुश आहे.

भूकंपानंतर औशाच्या पलीकडे पत्र्याच्या शेडांची वस्ती उभी राहिली, आणि तुम्ही लातूरचं आपलं पत्र्याच्या कामाचं दुकान बंद ठेवून तिकडं गेलात. शाळा बंद होत्या म्हणून मलाही नेलंत. मी अकरा वर्षांची. तुम्ही शेडांचे पत्रे ठोकायचात, मी खिळे हातात द्यायची. प्रत्येक शेडात कुणी ना कुणी गमावलेलं होतं, आणि त्यातच लहान लेकरं हगवणीनं आडवी पडायला लागली. वस्तीवरच्या नर्सबाई टँकर येऊन गेला की दारोदारच्या ड्रमांत औषध टाकत फिरायच्या. एकदा त्या थकून आपल्या पत्र्यांच्या चळतीवर बसल्या आणि म्हणाल्या, "मिस्त्री, भूकंपातून वाचलेली लेकरं आता पाण्यानं जातील बघा. मी औषध टाकून राहिले, पण जो तो तांब्या हातासगट बुडवतो. काय करावं?"

अजून दिसतं मला: तुम्ही मांडी घालून बसला आहात, तेलाचा रिकामा डबा कात्रीनं कापताय, त्याची खोलगट वाटी करताय, तिला हातभर लांब दांडा रिबिट मारून बसवताय. काठ दुमडून मोगरीनं ठोकताय, अंगठा फिरवून बघताय, पुन्हा ठोकताय. "किसीकी उंगली कटना नक्को," एवढंच म्हणता. नर्सबाईंनी ते ओगराळं ड्रममध्ये बुडवलं, पाणी वर काढून बाहेर धरलेल्या तांब्यात ओतलं, आणि हसल्या. त्या वस्तीत मी पहिल्यांदाच कुणाला हसताना पाहिलं. दोन दिवसांत तुम्ही दर ड्रमाला एक ओगराळं केलंत.

पण घ्यायला कुणी तयार होईना. एक आजी होत्या, सगळी वस्ती त्यांचं ऐकायची. त्यांनी ओगराळं उलटंसुलटं पाहिलं आणि तुमच्या पुढ्यात टाकलं. "का रं मिस्त्री, माझ्या हाताला काय इटाळ हाय? माझ्याच ड्रमात मी हात घालायचा न्हाई?" मला उन्हानं तहान लागलेली. मी सरळ आपल्या ड्रमात गिलास बुडवला, कोपरापर्यंत. तुम्ही वळून पाहिलंत, आणि सगळ्यांच्या देखत तो भरलेला ड्रम आडवा केलात. टँकर थेट दुसऱ्या दिवशी यायचा होता. "जा, हापशावरनं भरून आण," असं मला मराठीत सांगितलंत. आपल्या घरात मराठी कुणी बोलत नसे, तुम्ही ते लोकांना ऐकू जावं म्हणून बोललात, आणि तेच मला जास्त लागलं. मी रडत रडत घागरी वाहिल्या. तिसऱ्या खेपेला आजी वाटेत आल्या, माझी घागर काढून घेतली आणि तुम्हाला म्हणाल्या, "बास कर रं. सोताच्या लेकीच्या हाताला एवढा भितोस, तर मला काय येगळं म्हणशील? दे ते तुझं ओगराळं."

मग काय मजा, अब्बा! आजी ड्रमाशेजारी काठी घेऊन बसायला लागल्या. सरपंच पाणी प्यायला आले, तांब्या बुडवायला गेले, तर त्यांच्याही हातावर काठी! हळूहळू नर्सबाईंच्या शेडापुढची लेकरांची रांग आटली. निघताना आजींनी मला शेंगांची पिशवी दिली. एसटीत तुम्ही शेंगा फोडून दाणे माझ्या तळहातावर ठेवत होतात, स्वतः एकही खाल्ला नाहीत. तुम्हाला वाटलं मी अजून रागावले आहे. होतेच मी, औशापर्यंत.

आता मी शहराच्या आरोग्य खात्यात पाणी तपासायचं काम करते. लातूर तुम्ही ओळखणार नाही. आपल्या दुकानाच्या गल्लीत सगळे क्लास आणि हॉस्टेलं. मुखेडहून, कंधारहून पोरी डॉक्टर व्हायला येतात. दोन-तीन महिन्यांपूर्वी एका हॉस्टेलात पाच-सहा जणींना कावीळ झाली म्हणून मी गेले. गच्चीवरच्या टाकीला झाकण नाही, आणि जेवणघरातल्या ड्रमात पोरी बाटल्या बुडवून भरताहेत. हॉस्टेल चालवणाऱ्या काकू म्हणाल्या, "मॅडम, लई हुशार पोरी हायत, त्यांना काय सांगायचं?" मी मुखेडच्या एका पोरीला विचारलं, "कावीळ कशानं होते गं?" तिचा हात मनगटापर्यंत ड्रममध्ये. तशीच म्हणाली, "हिपॅटायटिस ए. दूषित पाणी. पर्याय क."

मी हसू दाबलं आणि ड्रम आडवा केला. पोरी किंचाळत बाकांवर चढल्या, काकू फडकं शोधत धावल्या. पाणी मोरीकडं वाहून गेलं. मग तीच पोरगी हळूच म्हणाली, "मॅडम, माझा हात होता म्हणून?"

"हाव," म्हटलं. "पण उत्तर बरोबर होतं."

सगळ्याजणी अशा हसल्या की काकूही फडकं टाकून हसायला लागल्या. त्याच आठवड्यात टाकी धुऊन झाकण बसलं, ड्रमाला नळ लागला. आज आमच्या साहेबांबरोबर पुन्हा गेले. मधल्या काळात कुणी नवं आजारी पडलेलं नाही, घरी गेलेल्या पोरी परत वर्गात आल्यात, आणि काकूंनी शेजारच्या हॉस्टेलांनाही नळ बसवायला लावलेत. पोरींनी आम्हाला आग्रह करकरून चुरमुऱ्यांचा सुशीला खाऊ घातला.

खाता खाता पोरींनी ड्रमाचा किस्सा सांगितला, तसं साहेबांनी विचारलं, "ड्रम आडवा करायची युक्ती कुठं शिकलात हो?" मी म्हणाले, "नांदेडला, ट्रेनिंगमध्ये." सहज निघून गेलं तोंडातून. हा कागद कुठं पाठवायचा नाही, म्हणून इथं सांगते. तुमचं नाव घ्यायची लाज वाटली नाही, अब्बा. 'माझे अब्बा' म्हटलं असतं तर रडू आलं असतं, आणि एवढ्या हसणाऱ्या पोरींपुढं मला ते नको होतं. सोमवारी साहेबांना खरं सांगेन. जमलं तर.