इंजिनाचा नैवेद्य

अहो,

पोळी-भाजी झाकून ठेवलीय. आधी जेवा, मगच खाली गाडीकडे जा. नंतर घास उतरणार नाही.

दसऱ्यानंतर गाडी सुरू होईना, तेव्हापासून तुम्ही अख्ख्या सोसायटीला सांगत फिरताय की मी शिकताना चोक ओढून ओढून इंजिनाची वाट लावली. हे निदान तुम्ही सीटवर बसूनच केलंत. आज मी बॉनेट उघडलं. हॉर्न वाजतो, सेल्फ फिरतो, म्हणजे बॅटरी ठीक आहे. पण प्लगच्या वायरी कुरतडल्यात. आणि बॅटरीशेजारी तुमची दसऱ्याची पूजा तशीच: काळा पडलेला झेंडू, खोबऱ्याची वाटी, पेढ्याचा चोथा. त्यावर एक घूस मरून फुगलीय. शी! वायरी चाचपताना हात तिला लागला. साबण लावून लावून हात सोलवटले, तरी वास जात नाहीये.

"बाहेरून हळदकुंकू काय लावायचं, थेट इंजिनालाच नैवेद्य दाखवू," हे तुमचेच शब्द. उचलायचा राहिला, आणि खापर माझ्यावर.

मी त्यातलं काहीही उचललेलं नाही. वॉचमनला काढायला सांगू नका, कामवाल्या बाईंना तर मुळीच नाही. नैवेद्य तुम्ही दाखवलात, पाहुणीला निरोपही तुम्हीच द्या.

मी वाशीला लायसन्सच्या टेस्टला चाललेय, ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीने. आपल्या गाडीची चावी शोधत बसू नका, ती माझ्या पर्समध्ये आहे आणि यापुढे तिथेच राहील. बॉनेट उघडं ठेवलंय. घूस काढायला चावी लागत नाही.

सुचित्रा