हरणांचं कापड

लालबाग,
२४ जानेवारी १९५६

तीर्थरूप बाबांच्या पायांवर डोकं ठेवून वामन लिहितो,

मी धडधाकट आहे, हे आधी आईला सांगा. गिरण्या बंद आहेत, पण घरात तांदूळ आहे. तिचा खोकला कसा आहे?

तुम्ही कोरून दिलेल्या हरणाच्या ठशाने मी प्रदर्शनासाठी मोठं कापड छापत होतो. ओळीवर ओळ, सगळी हरणं एकाच दिशेला धावणारी. आठ महिने लागले.

बाबा, पुढचं आईला वाचून दाखवू नका.

गेल्या मंगळवारी संयुक्त महाराष्ट्राच्या घोषणा देत मोर्चा चाळीपुढे आला आणि पोलिसांनी गोळ्या झाडल्या. शेजारचा शिवा गॅलरीत नुसता उभा होता. गोळी त्याच्या मांडीत घुसली. आम्ही त्याला माझ्या खोलीत ओढलं, तेव्हा रक्ताच्या चिळकांड्या भिंतीवर उडत होत्या. त्याची बायको जाईबाई ओरडली, "भावजीनू, फाडा ता कापड! माझो घोव मरता हा!"

मी जुनं धोतर शोधायला ट्रंक उघडली. धोतर सापडलं नाही. मग कापड टराटरा फाडलं आणि मांडी करकचून आवळली. हरणं एकेक करून लाल होत गेली. इस्पितळात पोचण्याआधीच शिवा गेला.

जाईबाई येईल त्याला सांगते, "भावजींनी आपला कापड फाडल्यानी." काल तिने माझे हात कपाळाला लावले.

ट्रंक उघडण्यात किती वेळ गेला असेल, बाबा? तेवढ्या वेळात शिवा वाचला असता का? माझं मन राखू नका. खरं काय ते लिहा.

तुमचा,
वामन