सुई हलली नाही

आबा, तुमच्यावर मी अजून चिडलेला आहे. एवढं वय झालं तरी राग उतरत नाही. तुम्ही एकदा तरी विचारायला हवं होतं.

दौंडला आपण दोघंही रेल्वेच्या डब्यांतले दिवे आणि बॅटऱ्या सांभाळायचो. पुण्याच्या जुन्या बाजारातून मी मल्टिमीटर आणला, तेव्हा तुम्ही तुमचा टेस्ट लॅम्प नाचवत म्हणालात, "ह्यो पेटला म्हंजी करंट हाय, न्हाई पेटला म्हंजी न्हाई. सुईचं कौतिक कशाला?" दुकानदार लहान मीटर गळ्यात मारत होता. तो नुसता बॅटरीचा, डीसी करंट मोजायचा. मी हट्टानं नॉब फिरवला की घरची, गिरणीची एसी वीजही मोजणारा घेतला. एवढं पारखून घेतला!

मग शिरूरला मामांच्या पिठाच्या गिरणीची मोटर बंद पडली. बायका दळणाचे डबे घेऊन खोळंबल्यात. मामा तुम्हाला चिडवतात, "दाजी, दिवा ऱ्हाऊ द्या, भाच्याची सुई बघू." तुम्ही हसत लॅम्प खिशात घालता. "बघ रं, काय म्हणती तुझी सुई." मी दोन्ही वायरी लावतो. सुई शून्यावर. "आबा, लाइन बंद हाय." तुम्ही हात घालता आणि पोत्यांवर फेकले जाता.

उजव्या हाताची दोन बोटं पुन्हा सरळ झाली नाहीत. डाव्या हातानं स्क्रू फिरवायला शिकलात, आणि कॉलनीभर सांगत सुटलात, "मीटर लबाड निघाला, पोराचा काय दोष?" मी समोर उभा असायचो. का नाही विचारलंत? विचारलं असतंत तर सांगितलं असतं. असं मी स्वतःला अजून समजावतो.

आता कुणी मीटर घ्यायला सल्ला विचारला की मी सांगतो, कुठलाही घे बाबा, पण आधी नॉब कुठं आहे बघ, मग चालू प्लगवर सुई हलते का बघ, आणि मगच बंद म्हण. लोक म्हणतात, आजोबा फार बारकाईनं शिकवतात.

हे पत्र त्या मीटरच्या पेटीतच राहील. मीटर बिचारा खरा होता. आदल्या दिवशी दौंडला बॅटऱ्या तपासल्या, तेव्हापासून नॉब डीसीवरच होता. मामा तुम्हाला सावरत होते आणि मी आधी तो नॉब एसीवर फिरवला. मग तुमच्याकडे धावलो.