सुई सुटली

पायाकुम्बुह,
१२ ऑगस्ट

प्रिय शाहरिलदादा,

अस्सलामु अलैकुम. आम्ही सगळे मजेत. आईचे गुडघे कुरकुरतात, जीभ मात्र ठणठणीत आहे. खालच्या खाचरातलं भात कापून झालं. जकार्तात तुझी खानावळ जोरात चालते असं ऐकते. रेन्दांगला आईच्या हातची चव येते की नाही, तेवढं खरं कळव.

नूरीनची सुई सुटली, दादा. इन्सुलिन बंद.

पादांगच्या डॉक्टर रेस्तीबाईंनी तिचं आणि आम्हा दोघांचं रक्त तपासायला लांब पाठवलं होतं. उत्तर आलं तेव्हा त्यांनी आम्हाला समोर बसवलं. म्हणाल्या, "हा नेहमीचा मधुमेह नाही. हिच्या शरीरात इन्सुलिन तयार होतं, पण बाहेर पडायची वाट अडलीय. तोच बिघाड मेंदूतही आहे, म्हणून झटके येतात, म्हणून मान धरली नाही. गोळीने वाट मोकळी होऊ शकते."

कुठली गोळी, तर आपली आई साखरेसाठी घेते तीच! आई म्हणाली, "नातीने माझं नाक उचललं नाही, औषध तेवढं उचललं."

बापाचा जीव, पुर्वान्तोने विचारलं, "सुई कमी केली आणि साखर भडकली तर?"

"म्हणून तर इथे ठेवून घेतेय," बाई म्हणाल्या.

गोळी कुटून पाण्यातून पाजायची, सुईतलं औषध रोज थोडं कमी करायचं. एका सकाळी साखर एवढी उतरली की पोर घामाने भिजून गार पडली. नर्सने धावत येऊन साखरपाणी दिलं. पुर्वान्तो म्हणाला, "राफ्निदा, पुरे करू या का?"

"नाही," मी म्हटलं. "साखर उतरली म्हणजे गोळी लागू पडतेय. सुई आणखी कमी करायला सांग."

बाईंनीही तेच सांगितलं. मग सुई बंदच झाली. झटके विरळ होत गेले आणि रमजानपासून एकही आलेला नाही.

आता ती आधाराशिवाय बसते. माझ्या ओढणीचं टोक धरून ओढते. दोन वर्षांची होत आली, पण चालत नाही. "मा"पलीकडे शब्द नाही. इतर मुलांएवढी होईलच असं नाही, हे बाईंनी स्पष्ट सांगितलंय. मी ते ऐकून घेतलंय.

तू विचारलं नाहीस, तरी सांगते. तो दोष माझ्यात सापडला नाही, पुर्वान्तोतही नाही. तिच्यातच नव्याने उपजला. "परक्या जावयाचं रक्त" असं तू सगळ्यांसमोर म्हणाला होतास. तो हसला आणि विसरला. त्याचा स्वभावच तसा.

पण पाळण्याशी उभा राहून तू म्हणालास, "कशाला टोचताय? जाऊ दे तिला." आपल्यात बापाच्या वर मामाचा शब्द. त्या शब्दापुढे आईसुद्धा गप्प बसली. तुला तिचे हाल बघवत नव्हते, हे मला तेव्हाही कळत होतं. तरी तू चुकलास, दादा. मी ऐकलं नाही, ते बरं झालं.

आता ये. आईही वाट बघते. नूरीनला माणसं कळायला लागलीत. काहींना बघून हसते, काहींना बघून भोकाड पसरते. तुझ्याबद्दल मी तिला काहीही शिकवून ठेवलेलं नाही. तुझं तू बघून घे.

नूरीनची आई,
आणि अजूनही तुझीच धाकटी,
राफ्निदा