आल्याचं विरजण

४ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. चहा-बिस्किटांवर जगतोस का, असं विचारलंस. तर ऐक. गेले दोन महिने मी हिची वही समोर ठेवून फळांचं पेय करतोय आणि आता हात बसलाय. आलं सालासकट किसायचं, बरणीत साखर-पाण्यात घालून ठेवायचं आणि रोज त्यात थोडं आलं नि थोडी साखर वाढवायची. सहाव्या-सातव्या दिवशी बरणी कानाशी धरली की बारीक चुरचुर ऐकू येते, माझ्या अधू कानालासुद्धा. ही त्याला आल्याचं विरजण म्हणायची. ते अननसाच्या नाहीतर सफरचंदाच्या रसात मिसळून बाटल्या भरायच्या आणि तीन-चार दिवस ठेवायच्या. मात्र रोज एकदा प्रत्येक बाटलीचं तारेच्या कडीचं झाकण सैल करून आतली हवा सोडावी लागते. विसरलं की बाटली फुटते. माझी पहिली फुटली ती काळ्या द्राक्षांची होती. छतावर डाग अजून आहे. खालच्या शिवणकामवाल्या बाई कात्री हातात घेऊनच वर धावत आल्या होत्या.

दुकानात घड्याळ घेऊन येणाऱ्यांना मी एक पेला देतो. एक निवृत्त मास्तर हल्ली आठवड्यातून दोनदा घड्याळ बंद पडलं म्हणून येतात. बिघाड काही नसतो. किल्लीच दिलेली नसते.

आता खरं सांगायचं ते सांगतो. हिला जाऊन या महिन्यात आठ महिने होतील. मागच्या आठवड्यात मी चार दिवस तापाने अंथरुणाला खिळलो होतो. फळीवर नऊ बाटल्या भरलेल्या होत्या. उठल्यावर हाताला टॉवेल गुंडाळून भीत भीत स्वयंपाकघरात गेलो, तर एकही फुटली नव्हती. प्रत्येकीची हवा वेळेवर सोडलेली होती. बाईंना विचारलं, तर म्हणाल्या की दार आतून बंद होतं, त्या वर येणार कशा. आणि ताई, नऊच्या नऊ कड्या डाव्या अंगाला वळवून लावलेल्या होत्या. मी लावतो तेव्हा कडी उजवीकडे येते. डावखुरी आमच्याकडे एकटी हीच होती.

भाऊजींना नमस्कार. माया अशीच असू दे.

तुझा,
धाकटा


१२ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

एकतीस वर्षं मी रुग्णालयाच्या वॉर्डात काढली. तापातली माणसं काय काय करतात ते मला विचार. एका बाईंनी तापात अख्ख्या वॉर्डाच्या चादरी घडी घालून ठेवल्या होत्या आणि सकाळी आम्हालाच विचारत होत्या, हे कोणी केलं म्हणून. हवा तूच सोडलीस, कड्याही तूच लावल्यास. बायकोचा हात इतकी वर्षं पाहिला, तो अंगात मुरणारच.

तरी मनाची समजूत पटत नसेल तर झाकणांना दोरा बांधून बघ. तुझे भाऊजी म्हणतात, बाटल्यांवर पहारा ठेवण्यापेक्षा दोन बाटल्या इकडे पाठव, आम्ही पहारा देतो.

एक सांगते, ते मनावर घे. ते पेय रोज ढोसू नकोस. आल्याने सगळंच बरं होतं असं नाही. भाजी-भाकरी नीट खा, आणि एकदा डॉक्टरांना तब्येत दाखव.

थोरलीचं ऐकत जा, एवढंच मागणं.

तुझी,
ताई


१ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तू सांगितल्याप्रमाणे दोरा बांधला. दुसऱ्या दिवशी सगळ्या गाठी सुटलेल्या, आणि दोरा रिळाला नीट गुंडाळून ठेवलेला. मग स्वयंपाकघराला कुलूप लावलं आणि किल्ली सदऱ्याच्या खिशात ठेवली. कुलूप जसंच्या तसं होतं, पण हवा सोडलेली होती. आता मला ताप नाही, जेवण व्यवस्थित आहे आणि डोकं ठिकाणावर आहे. दुकानातली बारीकसारीक कामं मी बिनचूक करतो.

शेवटी माझ्या धंद्यातली युक्ती केली. एका जुन्या घड्याळाच्या चाकाजवळ जाड कागदाची पट्टी वाकवून लावली आणि पट्टीचं टोक बाटलीखाली दाबलं. बाटली उचलली की पट्टी सुटून चाकात अडकणार आणि घड्याळ बंद पडणार. तीन दिवस लावून पाहिलं. तिन्ही दिवशी ते तीन वाजून दहा मिनिटांनी बंद पडलं होतं. दोन ते चार दुकान बंद ठेवून मी वर पलंगावर आडवा होतो, ती ही वेळ. भर उजेडाची.

तू हसशील, पण मला भीती वाटत नाही. भीती वाटते ती हे एक दिवस थांबेल याची. म्हणून मी बाटल्या वाढवल्यात. आता सोळा आहेत. तू चार दिवस येऊन जा. मी झोपलेला असताना कोणीतरी जागं असायला हवं.

येच. वाट पाहायला लावू नकोस.

तुझा,
धाकटा


२० मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

काल सुखरूप पोचले. तुझ्याकडे चार दिवस राहिले आणि चारही दिवस तुला सांगितलं की मला काही दिसलं नाही, माझाच डोळा लागला. ते खोटं होतं. तोंडावर सांगायचा धीर झाला नाही, म्हणून लिहिते.

पहिल्याच दुपारी तीनच्या सुमारास तू उठलास. डोळे उघडे होते, पण नजर माझ्यावर नव्हती. खिशातली किल्ली काढून कुलूप उघडलंस. चालताना तळवा कमरेवर दाबून धरला होतास, पाय जरा ओढत होतास. ती चाल कोणाची ते तुला सांगायला नको. मग एकेक बाटली उचलून डाव्या हाताने झाकण सैल केलंस, हवा जाईपर्यंत कान लावून थांबलास आणि कडी लावून बाटली परत ठेवलीस. इथपर्यंत मी वॉर्डात पाहिलंय. झोपेत चालणारी माणसं मला नवी नाहीत.

पण सोळावी बाटली ठेवून तू माझ्याकडे वळलास आणि म्हणालास, वन्सं, उभ्या का, बसा ना. आवाज तुझाच होता. पण जगात मला वन्सं म्हणणारी एकच बाई होती. पाठोपाठ तू सांगितलंस, की वन्सं, तुम्ही म्हणालात तसं दिवसातून तीनदा आलं घेतेय, पण डाव्या हाताची कळ काही जात नाही. अजून वाढवू का? एवढं विचारून तू उत्तराची वाट पाहत थांबलास. मी काही बोलले नाही. थोड्या वेळाने तू कुलूप पुन्हा लावून झोपलास. चारही दुपारी हेच, शब्दन् शब्द तोच.

आता तुला जे ठाऊक नाही ते सांगते. जायच्या दोन महिने आधी तिने खालच्या बाईंच्या दुकानातून मला फोन केला होता. म्हणाली, जिना चढताना छातीवर दाबल्यासारखं होतं, डावा हात दुखतो, यांना सांगू नका, हे दुकान बंद करून दवाखाने पालथे घालतील. माझ्याकडे त्या दिवशी घराची रंगरंगोटी चालली होती, सामान अंगणात होतं. मी म्हटलं, वात असेल, आलं घे, बरं वाटेल. ती हसून बरं म्हणाली. अनोळखी बाई समोर येऊन हे सांगती, तर मी तिला त्याच पावली हृदयाच्या तपासणीला पाठवलं असतं. घरचं माणूस म्हणून मी लक्षच दिलं नाही.

ते विरजण तिने माझ्या शब्दाखातर लावलं होतं. तुला वाटतं तो तिचा छंद होता. हे तिच्या-माझ्याशिवाय कोणाला माहीत नव्हतं. तुला तर नाहीच.

लोभ ठेव असं लिहायचा हक्क मला नाही. तूच काय ते ठरव.

तुझी,
ताई


१४ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तीन आठवडे उत्तर दिलं नाही. तुला माफ केलं असं लिहायला दोनदा बसलो, पण ते खोटं झालं असतं. खालच्या बाईंना विचारलं, त्यांना तो फोन आठवत होता. बोलून झाल्यावर ही तिथेच स्टुलावर बसून राहिली होती म्हणे, आणि जिना चढायच्या आधी त्यांच्याकडून घोटभर पाणी प्यायली होती.

त्याच दिवशी मी सगळ्या बाटल्या मोरीत ओतल्या. बरणी धुऊन बाईंना बटणं ठेवायला दिली. फळी पुसून रिकामी केली. मास्तर आले तेव्हा त्यांच्या घड्याळाला किल्ली देऊन त्यांना परत पाठवलं, पेला दिला नाही. वाटलं, आता संपलं.

परवा दुपारी बाई वर आल्या. दार उघडंच होतं. मी म्हणे रिकाम्या फळीसमोर उभा राहून हवेत एकेक झाकण उघडत होतो, लावत होतो. त्यांना पाहून मी विचारलं, वन्सं आल्या का? काल त्या मुद्दाम आल्या, तेव्हाही तेच विचारलं. आता त्या एकट्या वर येत नाहीत.

मला यातलं काहीच आठवत नाही. जाग येते तेव्हा फक्त डावा हात दुखत असतो, खांद्यापासून करंगळीपर्यंत. जिन्यावर थोडा दम लागतो. रोज उभं राहून हात चालतात, त्याचाच शीण असावा. जरा आल्याचा काढा घेऊन बघेन म्हणतो.

राग आहे. पण लिहायला दुसरं माणूस नाही.

तुझा,
धाकटा


९ मे

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तू गेल्यापासून घर मोठं वाटतंय. डॉक्टर काल म्हणाले की एक रक्तवाहिनी जवळजवळ बंद होती, आणखी आठवडाभर गेला असता तर त्यांच्या हातात काही उरलं नसतं. आता आत जाळी बसवलीये, ती काम करतेय. जिना सावकाश चढतो. जेवण खालच्या बाई पाठवतात, बिनमिठाचं, आणि वर विचारतात कसं झालंय. काय सांगणार.

तू इथे तीन आठवडे राहिलीस, उशापायथ्याशी बसलीस, पण त्या पहिल्या दिवसाबद्दल अवाक्षर काढलं नाहीस. माझं पत्र वाचून तू अंगावरच्या कपड्यांनिशी निघालीस, माझ्या झोपेच्या वेळी, तीनच्या सुमारास पोचलीस, एवढं बाईंकडून कळलं. मला आठवतं ते रुग्णालयाच्या दारापासून. मधलं सगळं कोरं आहे. त्या दिवसानंतर मी दुपारी एकदाही उठलेलो नाही. बाई जिन्यावरच्या खिडकीतून बघतात आणि सांगतात.

तिथे काय झालं ते लिही. राग आता पूर्वीसारखा नाही. पुरता गेलाय असंही नाही.

तू लिहीत राहा, मीही लिहीन.

तुझा,
धाकटा


१६ मे

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

विचारलंस, म्हणून लिहिते. मी वर आले तेव्हा तू फळीसमोर उभा होतास. घामाने सदरा पाठीला चिकटला होता, ओठ पांढरे पडले होते. तू मला म्हणालास, वन्सं, आलात का. मग नेहमीचंच विचारलंस, कळ जात नाही, अजून वाढवू का.

या वेळी मी उत्तर दिलं. म्हटलं, नाही गं, वाढवू नकोस. माझं चुकलं. हे आल्याने जाणारं दुखणं नाही. चपला घाल, आपण आत्ता दवाखान्यात जाऊ, मी बरोबर आहे.

तू थोडा वेळ माझ्या तोंडाकडे पाहिलंस. मग तिच्यासारखंच हसून बरं म्हणालास आणि चपला घातल्यास. जिना उतरताना आणि गाडीत बसल्यावरही डाव्या हाताने माझा हात घट्ट धरला होतास. बोटं बर्फासारखी गार होती. मी वाटेत तिच्याशी बोलत राहिले. काय बोलले ते माझ्यापाशी राहू दे.

रुग्णालयाच्या दारात गाडी थांबली, तेव्हा ती पकड सुटली. तू डोळे चोळलेस, इकडेतिकडे पाहिलंस आणि मला विचारलंस, ताई, तू कधी आलीस?

औषधं वेळेवर घे.

तुझी,
ताई