विसरल्या नाहीत त्या

मालवण, शुक्रवार

प्रिय अनुजा,

तुझा व्हिडिओ मिळाला. तुझ्या वर्गातल्या तीस मुली जोडीजोडीने एकमेकींच्या पायाला गुडघ्याखाली पट्टी आवळताहेत आणि मोठ्याने उपचाराच्या पायऱ्या म्हणताहेत. खाली तू लिहिलंयस, ‘बाई, तुमचा सर्पदंशाचा धडा. काही म्हणजे काही विसरले नाही.’ मी तो तीनदा बघितला आणि फोन पालथा घातला. अनुजा, मी घाबरलेय. त्या पट्टीने कुणाचा तरी पाय जाणार आहे, आणि ती बांधायला मी शिकवलंय. फोन केला असता, पण तू ‘काहीतरीच काय, बाई’ म्हणाली असतीस आणि मी ते आनंदाने ऐकून घेतलं असतं. म्हणून कागद; उद्या सकाळी माणसाहाती तुला पोचेल.

आपल्या नर्सिंग शाळेत मी शिकवलेलं विसरायची सोय नव्हती. ती विद्या माझी नव्हे, कॉन्व्हेंटमधल्या सिस्टर बेनेदितांची. सोमवारी शिकवलेलं त्या गुरुवारी विचारायच्या, मग पंधरा दिवसांनी, मग महिन्याने, आणि तेही आम्ही डबा उघडल्यावर नाहीतर फाटकातून बाहेर पडताना. मी तुम्हाला तसंच धरलं. तू नळावर साडी पिळत होतीस आणि मी मागून विचारलं होतं, फुरसं चावलं, काय करशील? तू ती ओली साडीच पायाला आवळून दाखवलीस. किती खूश झाले होते मी! हल्लीची दोन दिवसांची शिबिरं बघून माझं डोकं फिरायचं. चहा, भाषण, फोटो, सर्टिफिकेट, आणि तिसऱ्या दिवशी पाटी कोरी. मी चारचौघांत सांगायचे, माझ्या मुलींना वीस वर्षांनी झोपेतून उठवून विचारा.

तसंच झालं. तुझ्या मागच्या बाकावरची शेवंती आता बांद्याजवळच्या एका गावात नर्स आहे. मार्चमध्ये तिथे दत्ताराम नावाच्या तिशीतल्या माणसाला काजू गोळा करताना फुरसं चावलं. शेवंतीने दोन मिनिटांत पट्टी आवळली आणि वाटेत कुणाला हात लावू दिला नाही. गाडी मिळेपर्यंत वेळ गेला. गोव्यात इस्पितळात पोचायला तीन तास लागले. इंजेक्शनांनी जीव वाचला. पाय मात्र काळा पडला होता, तो घोट्याच्या वरून कापावा लागला. हे सांगायला शेवंती माझ्याकडे आली, तेही अभिमानाने. ‘तुमी शिकयलास तसाच केलंय, बाई. एक चूक नाय.’ दत्तारामची आई गावभर सांगते म्हणे, ‘सिस्टरीन माझ्या झिलाचो जीव वाचयल्यान.’ फक्त एका तरुण डॉक्टरने शेवंतीला विचारलं होतं, अशी पट्टी बांधायला अजून कोण शिकवतं? तिने माझं नाव सांगितलं. मी तिला चहा दिला, पोहे दिले. खरं सांगायचं धाडस झालं नाही. तीन महिने मी गप्प आहे.

आता नीट वाच. पट्टी आवळायची नाही. कापायचं नाही, चोखायचं नाही. माणसाला धीर द्यायचा, चालू द्यायचं नाही, मोडलेल्या हाडाला देतो तशी फळी लावून पाय स्थिर ठेवायचा आणि विषावरचं इंजेक्शन असेल तिथे थेट न्यायचं. आवळलं की रक्त अडतं आणि विष एका जागी कोंडून मांस सडतं. कुणी आधीच आवळून आणला तर ती गाठ डॉक्टरसमोरच सुटली पाहिजे. माझ्या हाताखालून सातशे मुली गेल्या. ज्या विसरभोळ्या होत्या, ज्यांना मी वर्गाबाहेर उभं केलं, त्यांची मला काळजी नाही. मला भीती हुशार मुलींची वाटते. सकाळी पेपर आला की मी आधी जिल्ह्याचं पान उघडते.

आणि नवं माहीत असून भागत नाही, हे मागच्या आठवड्यात कळलं. शेजारच्या राधाबाई परसात किंचाळल्या, ‘बाईनू, सरप!’ नवे नियम मी वीसदा वाचलेत. तरी मी धावत पोचले तेव्हा माझ्या हातात कपडे वाळत घालायची दोरी होती. ती खुंटीवरून कधी सोडली, आठवत नाही. राधाबाईंना काही चावलं नव्हतं. धामण होती, गेली कुंपणातून. त्या मला हसल्या, ‘दोरी कित्याक ती? सरपाक दाव्याक बांधतलास?’ मी तिथेच पायरीवर बसले. चावलं असतं तर मी ती आवळलीच असती, अनुजा. जे इतक्यांदा घोटून घेतलं ते एकदा सांगून पुसलं जात नाही. तितक्याच वेळा उलटं घोटावं लागेल, आणि तोवर साप थांबणार नाहीत.

एक गोष्ट लिहायची टाळतेय. निवृत्तीच्या दोन वर्षं आधी हा बदल सांगणारी पुस्तिका माझ्या टेबलावर आली होती. मी ती वाचली. ज्यांनी जन्मात फुरसं पाहिलं नाही ते मला शिकवणार, असं म्हणून कपाटात टाकली. तू तेव्हा माझी मदतनीस होतीस. तुलाही दाखवली नाही. त्यानंतर दोन वर्षं मी तोच धडा शिकवला. सोमवारी तुझ्या मुली भातलावणीच्या तोंडावर गावोगाव कामाला जाणार आहेत. त्यांना एक दिवस थांबव आणि मला बोलव. बाई चुकल्या आणि चूक लपवली, हे मी त्यांच्यासमोर उभी राहून सांगेन; ते मला जमेल. तिथून मला दत्तारामच्या घरी जायचं आहे. शेवंतीला शिकवणाऱ्या बाई म्हणून त्याची आई माझ्या पाया पडायला येईल, आणि तेव्हा मला तिला थांबवून सांगावं लागेल. ते एकटीला जमणार नाही. हे पत्र त्यासाठी आहे. माझ्याबरोबर येशील का गो?

तुझीच,
किशोरीबाई