नाकारलेल्या वीस टक्क्यांची हकीकत

असाफो, कुमासी
बुधवार, सकाळी, दुकान उघडण्याआधी

आदरणीय बादूमामांस,

क्वासीचा वाकून नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे, मामींचा खोकला थांबला का, माम्पोंगला यंदा कोनफळे कशी लागली, हे सगळे आधीच विचारून घेतो. एकदा माझ्या हकिकतीला लागलो की विचारायचे राहील, आणि आई म्हणेल की शहरात राहून पोरगा रीत विसरला. इकडे आम्ही दोघे बरे आहोत. (बरे म्हणजे अफ्रियी बरी आहे. मी हे उभ्याने लिहितो आहे. चार दिवस झाले, बसलो की उठावेसे वाटते, उठलो की दाराशी जावेसे वाटते, आणि दाराशी गेलो की समोरचा न्हावी विचारतो, "सेक्रेटरी, कुणाची वाट बघताय?" म्हणून परत आत येतो.)

मामा, बावीस वर्षे मी लॉरीचालकांच्या संघटनेचा सेक्रेटरी होतो आणि बावीस वर्षे एकच गोष्ट सांगत आलो: जो माल बनवत नाही, वाहत नाही आणि तरी मधल्यामध्ये आपला वाटा काढून घेतो, तो चोर. ही गोष्ट मी केजेतियाच्या लॉरीतळावर भर उन्हात तीन-तीन तास सांगितली आहे. तिच्या समर्थनार्थ मी इतकी पुस्तके वाचली की चष्म्याचा नंबर दोनदा वाढला. संघटनेतून निवृत्त झाल्यावर काय करावे हा प्रश्न आला तेव्हा अफ्रियीने दोन वर्षे मक्याच्या पिठाचे केंके उकडून विकून साठवलेला पैसा पुढे केला आणि म्हणाली, दुकान घाला, पण भाषण घालू नका. (हे लागट बोलणे मी गिळले.) आपल्याकडे नवऱ्याची थैली वेगळी आणि बायकोची वेगळी, हे तुम्हाला सांगायला नको. तो पैसा बुडाला तर मला तिच्या तिन्ही भावांपुढे उभे राहावे लागेल, हेही सांगायला नको.

दुकान घमेल्यांचे. ॲल्युमिनियमची घमेली या शहरात कुणाला लागत नाहीत? टोमॅटो त्यात, सिमेंट त्यात, अंघोळीला घातलेले मूल त्यात. त्यांचा घाऊक व्यापार मादाम बिरागो यांच्या हातात. बाई म्हणजे बाजाराची राणीच. तिच्या वखारीत माणूस आपोआप आवाज खाली आणतो. (मी आणला नाही.) तिने छापील भावपत्रक दिले. मोठे घमेले चाळीस सेदी. मी साठ घमेल्यांचे पैसे मोजू लागलो तर बाई म्हणाली, "थांब सेक्रेटरी. तू परत विकणारा. तुला वीस टक्के कमी. बत्तीसने घे, चाळीसला वीक."

मामा, माझ्या अंगाचा तिळपापड झाला. कागदावर एक भाव आणि कानात दुसरा. ज्याच्याविरुद्ध आयुष्यभर घसा कोरडा केला तीच गोष्ट माझ्याच हातावर ठेवली जात होती, तीही हसत हसत. मी तिथेच, घमेल्यांच्या उतरंडीशेजारी, पंचवीस मिनिटे बोललो. गरिबांसाठी एक भाव, सगळ्यांसाठी एक भाव, छुपी मेहेरबानी ही लाचेची सख्खी बहीण, असे मुद्दे होते. हमालांनी ओझी खाली ठेवून ऐकले. बाईंनीही शेवटपर्यंत ऐकले, मग कारकुनाला म्हणाल्या, "लिही, चाळीसने. त्यांच्या मनासारखं होऊ दे." मी साठ घमेली चाळीसने घेऊन, लॉरीचे भाडे वेगळे भरून, विजयी मुद्रेने घरी आलो.

(हे लिहून दाराशी जाऊन आलो. न्हावी अजून तिथेच आहे.)

दुकान असे चालले म्हणून सांगू. भावपत्रक मी दारावरच चिकटवले: चाळीस, ना कमी ना जास्त. पण भाव ठरल्यावर गिऱ्हाईक "वर थोडं घाला" म्हणतेच, आणि त्याला नाही म्हणू नये, हे मला आईने शिकवले आहे. टोमॅटोवर चार टोमॅटो घालता येतात, घमेल्यावर काय घालणार? म्हणून मी प्रत्येकाला एक प्लास्टिकचा मग देऊ लागलो. लोक पार ओफोरिक्रोमच्या वस्तीतून येऊ लागले. दहा दिवसांत साठच्या साठ घमेली खपली. मला वाटले, नीतीने धंदा होत नाही म्हणणाऱ्यांना आणून दाखवावे.

त्या रात्री जेवताना अफ्रियीने सहज विचारले, "एका घमेल्यामागे आपले किती?"

मी अभिमानाने म्हणालो, "एक पैसासुद्धा नाही."

तिने हात धुतला. जेवण अर्धे होते. मग तिने एकेक गोष्ट विचारून काढून घेतली, वीस टक्के, पंचवीस मिनिटे, फुकट वाटलेले मग, आणि शेवटी म्हणाली, "अहो, ती सूट तुमच्या तोंडाकडे बघून दिलेली नव्हती. लॉरी कोण ठरवतो? तुम्ही. वाटेत पोचा पडला तर कुणाच्या माथी? तुमच्या. बिरागोबाई एकेक घमेलं विकत बसत नाहीत, दिवसभर दुकानात तुम्ही बसता. त्या बसण्याचा मोबदला भावात आधीच धरलेला असतो. तो बाईंनी तुमचा तुम्हाला दिला आणि तुम्ही त्यांना परत करून आलात. वर भाषण."

मी म्हणालो, हा युक्तिवाद मी तपासून बघेन. ती म्हणाली, बघा, तोवर मी केंकेचं पीठ भिजवते.

तपासला. चार दिवस तपासतो आहे. लॉरीवाल्याला भाडे मिळावे म्हणून मी बावीस वर्षे भांडलो. तो मधलाच होता, पण वाहत होता. मग घमेले बाजारातून असाफोत आणणारा मी कोण? ही शंका मला संघटनेत एकदाही आली नाही याचेच आश्चर्य वाटते. पण असो. तत्त्वाचा माणूस शंकेने डगमगत नाही. परवा शुक्रवारी साठ घमेल्यांचा पुढचा माल उचलला नाही, तर असाफोची विक्री दुसऱ्या कुणाला देऊ, असा बाईंचा निरोप आहे. भाडे आणि फुकटचे मग यांत बरेच गेल्यामुळे चाळीसच्या भावाने साठ घेण्याइतके पैसे उरलेले नाहीत. तरी मी ताठ आहे. मामींना नमस्कार.

आपला भाचा,
क्वासी न्यानताची

ता.क. मी बिरागोबाईंकडे दोनदा जाऊन आलो. केवळ प्रकृती विचारायला.

ता.क. २. मामा, तुमच्यापासून काय लपवायचे. प्रकृती विचारायला गेलो नव्हतो. बाईंनी स्टूल दिले, पाणी दिले, रीतीप्रमाणे विचारले की काय काम काढलेत. पहिल्या वेळी रस्त्यांच्या दुरवस्थेवर बोललो, दुसऱ्या वेळी शिक्षणावर. बत्तीसच्या भावाने साठ घमेली घेऊनही हातात पैसे उरतात, पण "ते वीस टक्के द्या" हे चार शब्द माझ्याने निघत नाहीत. तुम्ही गावच्या प्रमुखांचे ओक्येआमे. त्यांच्यापुढे कुणी थेट बोलत नाही, सगळ्यांचे बोलणे तुमच्याच तोंडून जाते. माझेही न्या. हे पत्र आजच माम्पोंगच्या लॉरीवाल्याच्या हाती देतो आहे. उद्या गुरुवारी पहिल्या गाडीने निघा, तुमची ती मानाची काठी घ्या आणि माफीसाठी जिनची एक बाटली आणा. बाटलीचे पैसे मी नंतर देईन.

ता.क. ३. मामा, ही ओळ अफ्रियीची. हे दाराशी गेलेत तोवर लिहिते. मी सोमवारीच माझ्या आत्याला पुढे घालून बिरागोबाईंकडे गेले होते. वीस टक्के मिळाले, असाफोची विक्री माझ्या नावावर झाली, माल शुक्रवारी येतो. फुकटचे मग बंद, वर घालायला भांडी घासायचा काथ्या पुरे. ह्यांना अजून सांगितलेले नाही. तरी तुम्ही याच. दुकानात बसायला मला त्यांच्याशिवाय माणूस नाही, म्हणून दर घमेल्यामागच्या आठातले तीन सेदी त्यांना द्यायचे मी ठरवले आहे, आणि हे ते तत्त्व म्हणून नाकारणार. तुम्ही त्यांच्या वतीने बोलायला येणारच आहात, तर त्यांच्या वतीने मलाच हो म्हणून टाका.